पेट्रोल साधे की प्रीमियम? दुचाकीच्या टाकीतले खरे गणित

पेट्रोल पंपावर दुचाकी उभी केली, की मीटर शून्यावर आणण्याआधी पंपावरील कर्मचारी हमखास एक प्रश्न विचारतो, 'साधं की प्रीमियम?' मागे रांग लागलेली असते, कार्यालयाची वेळ टळत असते आणि उत्तर देण्यास जेमतेम दोन सेकंद मिळतात. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त गेले तरी गाडीचे इंजिन चांगले राहील, या भाबड्या आशेने अनेक जण 'टाक प्रीमियम' म्हणून मोकळे होतात. काही जण याच्याही पुढे जातात. सुट्या भागांच्या दुकानातून इंधनात मिसळण्याची बाटली आणतात आणि महिन्याकाठी टाकीत रिकामी करतात. या खर्चाचा मोबदला मोटरसायकलला खरोखर मिळतो का?

थोडक्यात उत्तर द्यायचे तर रोज कार्यालयात ये-जा करणाऱ्या बहुसंख्य दुचाकींना प्रीमियम पेट्रोलने शक्ती मिळत नाही आणि खर्च भरून निघेल इतके मायलेजही वाढत नाही. काही मोजक्या गाड्यांना मात्र त्याची खरी गरज असते. आपली गाडी कोणत्या गटात मोडते हे ओळखण्यासाठी 'प्रीमियम' या एका शब्दात दडलेल्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आधी सुट्या कराव्या लागतात.

एक नाव, दोन गोष्टी

पहिली गोष्ट ऑक्टेन आणि दुसरी अॅडिटिव्ह, म्हणजे इंधनात अल्प प्रमाणात मिसळलेली रासायनिक पूरके. या दोहोंचे काम वेगळे आहे. ऑक्टेनचा संबंध पेट्रोल इंजिनात कसे जळते याच्याशी आहे, तर पूरकांचा संबंध मुख्यतः इंजिनाच्या आतील स्वच्छतेशी आहे.

आपल्याकडे ही सरमिसळ होण्यास कारणही तसेच घडले. २००२च्या सुमारास सरकारी तेल कंपन्यांनी 'स्पीड', 'पॉवर', 'एक्स्ट्राप्रीमियम' अशा नावांनी पेट्रोल विकण्यास सुरुवात केली. नावे वेगाची आणि शक्तीची असली, तरी त्यांतील बऱ्याचशा इंधनांचे वैशिष्ट्य होते ते पूरकांचे. ऑक्टेन साध्या पेट्रोलइतकेच असे. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल निराळ्या आकड्यानिशी आणि मोजक्याच पंपांवर मिळे. पुढे '९५' हा आकडा मिरवणारी इंधने आली. १ डिसेंबर २०२० रोजी इंडियन ऑईलने 'एक्सपी १००' हे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मुंबई आणि पुण्यासह दहा शहरांत आणले. त्या वेळी त्याचा दर लिटरला दीडशे रुपयांच्या पलीकडे होता. म्हणूनच केवळ नावावरून काही ठरवू नये. पंपावर ऑक्टेनचा आकडा लिहिलेला आहे का आणि तो किती आहे, हे पाहणे ही पहिली पायरी.

ऑक्टेन म्हणजे शक्ती नव्हे

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलाचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि ठरावीक क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी पडते. ज्योत प्लगपासून निघून शिस्तीत पसरत जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. परंतु दाब आणि उष्णता मर्यादेपलीकडे गेली, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेट घेते. दाबाची लाट धातूच्या भिंतींवर आदळते आणि बाहेर टकटक असा आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत याला 'नॉकिंग' म्हणतात. हे फार काळ चालले तर पिस्टनला इजा होते.

असे अवेळी पेटण्यास पेट्रोल किती विरोध करते, याचे माप म्हणजे ऑक्टेन क्रमांक. अमेरिकेत १९२६मध्ये ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी सुचविली. सहजासहजी अवेळी न पेटणाऱ्या आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण आणि चटकन पेटणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य गुण देण्यात आले. एखादे पेट्रोल प्रमाणित चाचणी इंजिनात ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागले, तर त्याचा क्रमांक ९१.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावयास हवा. ऑक्टेन क्रमांक पेट्रोलाची सहनशक्ती सांगतो. त्यात किती ऊर्जा आहे, हे तो सांगत नाही. १०० ऑक्टेनच्या लिटरभर पेट्रोलात ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलापेक्षा जास्त ताकद भरलेली नसते. तीन मजली घराच्या पायावर दहा मजल्यांचा भार पेलण्याची क्षमता ठेवली म्हणून घराच्या खोल्या वाढत नाहीत, तसेच हे. इंजिन जेवढा दाब देते तेवढा पेट्रोलने सोसला की त्याचे काम झाले. त्यावरची सहनशक्ती विनावापर राहते.

परदेशातील नातेवाइकांच्या बोलण्याने गोंधळून जाऊ नये म्हणून आणखी एक खुलासा. अमेरिकेतील पंपांवर साध्या पेट्रोलासाठी ८७ हा आकडा दिसतो. तेथील पेट्रोल आपल्याहून हलके आहे, असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे 'रिसर्च' पद्धतीने मोजलेला आकडा देतात, तर अमेरिकेत 'रिसर्च' आणि 'मोटर' या दोन पद्धतींची सरासरी. तेथील ८७ म्हणजे आपल्या मोजपट्टीवर साधारणपणे ९१.

कोणत्या गाडीला किती हवे?

इंजिन मिश्रणाला किती पट दाबते, हे कॉम्प्रेशन रेशो अर्थात संपीडन गुणोत्तरावरून कळते. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेट ३५०चे हे गुणोत्तर ६.५ होते. नंतरच्या पिढीतील क्लासिक ३५०चे ८.५ आणि सध्याच्या इंजिनाचे ९.५ आहे. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक प्रवासी मोटरसायकली साधारणपणे ९ ते १०च्या आसपास असतात. यामाहाच्या आर१५ गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीचे गुणोत्तर ११.६, तर ३७३ सीसीच्या केटीएम ३९० ड्यूकचे १२.८८ होते. परदेशी बनावटीच्या मोठ्या स्पोर्ट्स बाइक १३पर्यंत जातात.

ढोबळमानाने गुणोत्तर जितके जास्त, तितकी ऑक्टेनची भूक मोठी. परंतु केवळ या आकड्यावरून निकाल देता येत नाही. मोटरसायकलच्या इंजिनाच्या बाजूने दोन गोष्टी असतात. एक म्हणजे सिलिंडर लहान असल्याने ज्योतीला कमी अंतर कापावे लागते. दुसरे म्हणजे इंजिन वेगाने फिरते. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन वरून खाली येण्यास अवघे पाच मिलिसेकंद लागतात. अवेळी पेट घेण्यास मिश्रणाला सवडच कमी मिळते. त्यामुळे जे गुणोत्तर मोटारीच्या मोठ्या सिलिंडरला त्रासदायक ठरेल, ते मोटरसायकल सहज पेलते. याउलट हवेवर थंड होणारे इंजिन उन्हाळ्यातील वाहतूक कोंडीत तापते आणि नॉकिंगची शक्यता वाढते.

हा सगळा हिशेब गाडी बनविणाऱ्या अभियंत्यांनी आधीच केलेला असतो आणि त्याचे उत्तर गाडीबरोबर मिळणाऱ्या वापरपुस्तिकेत छापलेले असते. 'किमान ९१ ऑक्टेन' असे लिहिले असेल, तर ९५ किंवा १०० टाकून इंजिनाला दिलेला अधिक पैसा वाया जातो. 'किमान ९५' असे लिहिले असेल, तर तेथे काटकसर करू नये. कित्येक घरांत ही पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच निघालेली नसते. सर्व्हिसिंगच्या नोंदींखेरीजही तिच्यात वाचण्यासारखे बरेच असते.

'पण मोटारीत फरक पडतो ना?'

काही मोटारींत पडतो, हे खरे आहे. अनेक आधुनिक मोटारींच्या इंजिनावर नॉक सेन्सर नावाचा एक कान बसविलेला असतो. तो टकटक ऐकतो आणि संगणक ठिणगीची वेळ थोडी मागे घेतो. चांगल्या ऑक्टेनचे इंधन मिळाले, तर तोच संगणक वेळ पुन्हा पुढे आणतो आणि थोडी शक्ती वाढते. प्रीमियम पेट्रोलचा फायदा मिळण्यासाठी इंजिनाला तो ओळखता यावा लागतो.

आपल्याकडील बहुतेक प्रवासी दुचाकींत नॉक सेन्सर नसतो. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यापासून नव्या दुचाकींत कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले, ऑक्सिजन सेन्सर आला, हे खरे. परंतु ऑक्सिजन सेन्सर धुरातील प्राणवायू मोजतो आणि त्यानुसार पेट्रोलचे प्रमाण सुधारतो. ठिणगीची वेळ कारखान्यात भरलेल्या कोष्टकानुसारच ठरते. टाकीत शंभर ऑक्टेनचे पेट्रोल आहे, हे अशा गाडीला कळतच नाही. मग ती जोरात पळणार कशी?

मोटारींच्या बाबतीतही चित्र फार वेगळे नाही. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१६मध्ये साध्या पेट्रोलावर चालणाऱ्या मोटारींत प्रीमियम भरून चाचण्या घेतल्या. शक्ती, मायलेज आणि प्रदूषण यांपैकी कशातही उल्लेखनीय लाभ आढळला नाही. वर्षभरात अमेरिकी वाहनचालकांनी गरज नसताना घेतलेल्या प्रीमियम पेट्रोलावर दोनशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम उधळल्याचा अंदाज या संस्थेने त्या वेळी मांडला होता.

इथेनॉलने बदललेले समीकरण

या चर्चेला अलीकडच्या वर्षांत एक नवे वळण मिळाले आहे आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातून झाली होती. पेट्रोलात उसापासूनचे इथेनॉल मिसळण्याचे देशातील प्रायोगिक प्रकल्प २००१मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे सुरू झाले. २००३मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आले. २०२२मध्ये देशाने दहा टक्क्यांचा आणि २०२५मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला.

इथेनॉलचे दोन गुणधर्म परस्परविरोधी आहेत. त्याचा ऑक्टेन क्रमांक शंभराच्याही वर आहे. मात्र लिटरमागे त्यात पेट्रोलाच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे मिश्रणाची सहनशक्ती वाढते आणि उष्मांक घटतो. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलासाठी बनविलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या दुचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. ऑक्टेन आणि मायलेज यांचा थेट संबंध नाही, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. येथे ऑक्टेन वाढूनही मायलेज उतरले.

आता दुसरा मुद्दा. भारत स्टेज २च्या काळात साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक ८८ होता, पुढे तो ९१ झाला आणि वीस टक्के इथेनॉलसह तो ९५ झाला, असा खुलासा केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये केला. तसे असेल तर ९५ ऑक्टेनसाठी जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या हाती उरते ते केवळ पूरक. ज्या मध्यम आकाराच्या गाड्यांना पूर्वी ९५ ऑक्टेन शोधावे लागे, त्यांच्यासाठी ही बातमी चांगली आहे.

इथेनॉल टाळण्यासाठी प्रीमियम घेणारा एक वर्गही तयार झाला आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर यांची त्यांना काळजी वाटते. ती अगदीच निराधार नाही. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे मंत्रालयानेही त्याच खुलाशात मान्य केले होते. परंतु प्रीमियम म्हणजे इथेनॉलविरहित हे समीकरण चुकीचे आहे. ९५ ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलातही इथेनॉल असते. जादा पैसे देण्याआधी पंपावर इथेनॉलचे प्रमाण विचारावे. जुन्या गाडीसाठी त्याच पैशांतून नव्या पेट्रोल नळ्या बसविणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पूरकांचे काम काय?

पेट्रोल जळताना, तसेच नुसते साठून राहिल्यानेही, चिकट आणि काळा थर तयार होतो. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांवर आणि इनटेक व्हॉल्व्हवर तो बसतो. इंजेक्टरच्या छिद्रावर थर बसला, की पेट्रोलाचा फवारा नीट न उडता धार पडते, थंड इंजिन सुरू होताना कुरकुरते आणि गाडी मधूनच झटके देते.

हा थर धुऊन काढणारी डिटर्जंट रसायने पेट्रोलात मिसळतात. पॉलिइथर अमाइन हे त्यांतील नावाजलेले रसायन. ती खरोखर काम करतात, याबद्दल शंका नाही. अमेरिकेत १९९५पासून सर्वच पेट्रोलात किमान प्रमाणात डिटर्जंट असणे बंधनकारक आहे. ते प्रमाण अपुरे वाटल्याने काही मोटार उत्पादकांनी २००४मध्ये 'टॉप टिअर' नावाचा अधिक कडक निकष आणला. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेने २०१६मध्येच आणखी एक चाचणी घेतली. चार हजार मैलांच्या प्रवासाइतके इंजिन चालविल्यावर, हा निकष न पाळणाऱ्या पेट्रोलाने सरासरी एकोणीसपट अधिक थर साठविल्याचे तीत दिसले. येथे ऑक्टेनचा संबंध नव्हता, फरक होता तो डिटर्जंटचा.

तेव्हा पूरकयुक्त पेट्रोल पूर्णपणे निरुपयोगी आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. स्वच्छ इंजिनाला ते अधिक स्वच्छ करू शकत नाही. थर साठलेल्या इंजिनाची हरवलेली कार्यक्षमता ते काही प्रमाणात परत आणते, कारखान्यातून निघतानाच्या क्षमतेपलीकडे नेत नाही. शिवाय हा परिणाम एका टाकीत दिसत नाही, त्यासाठी शेकडो किलोमीटर जावे लागतात. प्रीमियम भरून पंपाबाहेर पडताच 'गाडी हलकी पळू लागली' असे वाटते, तो बहुतेक वेळा मनाचा खेळ असतो. नळीत आणि इंजेक्टरमध्ये त्या क्षणी आधीचेच पेट्रोल असते.

बाटलीतले औषध

दुकानात मिळणाऱ्या बाटल्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार इंजेक्टर क्लीनरचा. त्यात वरीलच डिटर्जंट अधिक तीव्र प्रमाणात असते. पंधरा-वीस हजार किलोमीटर चाललेल्या, सुरू होताना कुरकुरणाऱ्या गाडीत एखाद्या वेळी वापरून पाहण्यास हरकत नाही. मात्र यांतील बऱ्याच बाटल्या चाळीस-पन्नास लिटरच्या मोटारीच्या टाकीसाठी मापलेल्या असतात. दहा-बारा लिटरच्या टाकीत अख्खी बाटली ओतल्यास मात्रा चौपट होते. हे रसायन पूर्ण न जळता थोडे इंजिन ऑईलमध्येही उतरते. त्यामुळे लेबलावरील मात्रा टाकीच्या मापाने कमी करावी आणि ऑईल बदलण्याच्या थोडे आधी हा प्रयोग करावा.

दुसरा प्रकार ऑक्टेन बूस्टरचा. बाटलीवर 'वीस पॉइंट', 'तीस पॉइंट' असे भारदस्त आकडे असतात. या व्यवसायाच्या भाषेत दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. म्हणजे तीस पॉइंटची वाढ म्हणजे ९१चे ९४. काही बूस्टरमध्ये मॅंगनीजयुक्त संयुग, तर काहींत लोहयुक्त फेरोसीन असते. दोहोंचे अवशेष प्लगवर लालसर थराच्या रूपाने जमतात. थर वाढला की ठिणगी कमजोर होते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्रास होतो. ज्या इंजिनाला ऑक्टेनची गरजच नाही, त्यात हे टाकणे म्हणजे विकतचे दुखणे.

या संदर्भात शिशाचा इतिहास आठवावा. १९२१मध्ये अमेरिकेत टेट्राएथिल लेड पेट्रोलात मिसळले असता नॉकिंग थांबते, असा शोध लागला आणि पुढील अनेक दशके जगभर शिसेयुक्त पेट्रोल जळत राहिले. त्या धुराने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, हे कळूनही ते हटविण्यास फार काळ गेला. भारतात १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जगातील शेवटच्या देशातील, अल्जीरियातील, विक्री २०२१मध्ये थांबली. टाकीत टाकलेली प्रत्येक गोष्ट शेवटी कोणाच्या तरी श्वासात जाते. विमानाचे पेट्रोल मिळवून बाइकमध्ये घालण्याची टूम काढणाऱ्यांनी हे विसरू नये. छोट्या विमानांच्या प्रचलित पेट्रोलात आजही शिसे असते आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते.

डांबरगोळ्यांचे मिथक

'पेट्रोलात दोन डांबरगोळ्या टाका, मायलेज वाढते' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जुन्या डांबरगोळ्या नॅप्थॅलिनच्या असत आणि पेट्रोलाचे ऑक्टेन फारच कमी असण्याच्या काळात त्यांचा किंचित उपयोग झालाही असेल. आजच्या पेट्रोलात तो होत नाही. उलट पेट्रोल उडून गेल्यावर नॅप्थॅलिनचे स्फटिक मागे राहतात आणि जेट अथवा इंजेक्टर तुंबवितात. बाजारातील काही गोळ्या तर पॅराडायक्लोरोबेंझिनच्या असतात. त्यात क्लोरिन असल्याने जळताना आम्ल तयार होऊन धातू खाल्ला जातो. डांबरगोळ्या कपाटातच ठेवाव्यात.

चार स्ट्रोक गाडीच्या टाकीत 'जरा वंगण मिळावे' म्हणून टूटी ऑईल टाकण्याची सवयही अशीच. दोन स्ट्रोक इंजिनाला त्या तेलाची गरज असते, कारण तेथे वंगणाची दुसरी सोय नसते. चार स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी व्यवस्था असते. त्यात टूटी ऑईल टाकल्याने धूर आणि काजळी तेवढी वाढते.

प्रीमियमने फरक पडला, तर?

काही वाचक म्हणतील, 'आमच्या गाडीला प्रीमियमने खरोखरच फरक पडला.' तसा फरक जाणवलाच, तर आधी साध्या पेट्रोलाच्या शुद्धतेविषयी शंका घ्यावी. रॉकेलचा ऑक्टेन क्रमांक अतिशय कमी असतो. पेट्रोलात त्याची भेसळ झाली, की घाट चढताना इंजिन टकटकते, प्लग काळा पडतो आणि मायलेज घसरते. अशा वेळी पेट्रोल बदलताच गाडी सुधारते आणि श्रेय प्रीमियमला मिळते.

ही भेसळ किती भयंकर रूप घेऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे तेल भेसळीचा प्रकार रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्याआधी नोव्हेंबर २००५मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी येथे इंडियन ऑईलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची हत्या झाली होती. त्यांनी पंपांवरील भेसळीविरुद्ध पावले उचलली होती. पुढील वर्षांत अनुदानित रॉकेलचा पुरवठा घटत गेला आणि या धंद्याचा मोठा आधार गेला. तरीही ग्राहकाने दक्ष राहणे सोडू नये.

पंपावर तीन तपासण्या मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. पहिली फिल्टर पेपरची. नोझलच्या टोकाचा पेट्रोलाचा एक थेंब कागदावर टाकावा. दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून जावयास हवा. दुसरी घनतेची. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि रूपांतराचे कोष्टक असते. मोजलेली घनता १५ अंश तापमानाला रूपांतरित करून त्या दिवशीच्या नोंदीशी ताडावी. फरक तीन एककांपेक्षा अधिक नसावा. तिसरी मापाची. वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप पंपावर ठेवावे लागते. शंका असल्यास त्यात पेट्रोल मोजून मागावे. समाधान न झाल्यास तक्रारवहीत लेखी नोंद करावी. या तपासण्यांसाठी एक पैसाही पडत नाही.

हिशेब मांडून पाहा

समजा, साधे पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये आहे. महिन्याला एक हजार किलोमीटर चालणारी आणि लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी वीस लिटर पेट्रोल पिते. प्रीमियमसाठी महिन्याला १६० आणि वर्षाला १,९२० रुपये जास्त जातात. हे पैसे मायलेजमधून वसूल व्हायचे, तर गाडीने लिटरला ५० ऐवजी जवळजवळ ५४ किलोमीटर द्यावयास हवेत. १६० रुपयांच्या शंभर ऑक्टेन पेट्रोलासाठी तर हाच आकडा ७७वर जातो. असा चमत्कार कोणतेही पूरक करीत नाही.

तरीही कोणाला स्वतः पडताळून पाहावयाचे असेल, तर पद्धत सोपी आहे. गाडी मेनस्टँडवर लावून टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरावी. किलोमीटरची नोंद घ्यावी. नेहमीच्याच रस्त्याने, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून गाडी चालवावी. त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरावे. साध्या पेट्रोलाच्या तीन टाक्या आणि प्रीमियमच्या तीन टाक्या यांची सरासरी काढावी. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. वाहतुकीतील बदलानेच दोन-तीन किलोमीटरचा फरक पडतो.

वर्षाला वाचणाऱ्या त्या सुमारे दोन हजार रुपयांत प्रवासी दुचाकीचे एअर फिल्टर, नवा प्लग आणि इंजिन ऑईल सहज येते. टायरमध्ये योग्य हवा आणि चेनला वेळेवर तेल याला तर जवळपास खर्चच नाही. मायलेज सुधारण्याचा खात्रीचा मार्ग हाच.

मग प्रीमियम कोणी घ्यावे?

वापरपुस्तिकेत ९५ वा त्याहून अधिक ऑक्टेन मागितले असेल, तर ते अवश्य घ्यावे. उच्च संपीडनाच्या, वेगवान स्पोर्ट्स बाइकच्या मालकांनी यात तडजोड करू नये. गाडी घाट चढताना टकटकत असेल, तर आधी गिअर उतरवून पाहावे, प्लग योग्य प्रकारचा आहे का, इंजिन फार तापते का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. तोवर तात्पुरता उपाय म्हणून जास्त ऑक्टेनचे पेट्रोल चालते. थर साठल्याची लक्षणे दिसत असतील, तर पूरकयुक्त पेट्रोलाच्या दोन-चार टाक्या भरून पाहण्यास हरकत नाही.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर मात्र कोणतेही प्रीमियम फारसे तारत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात झाकणातून ओल शिरली, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि गंज धरतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणावी. कार्ब्युरेटरची असेल तर त्यातील पेट्रोल काढून टाकावे.

बाकी सर्वांनी, म्हणजे शंभर ते दीडशे सीसीच्या मोटरसायकलींवर आणि स्कूटरवर रोज शहर पालथे घालणाऱ्यांनी, पुढच्या वेळी पंपावर 'साधं की प्रीमियम?' असा प्रश्न आला, की निःशंक मनाने 'साधं' म्हणावे आणि मीटर शून्यावर आहे ना, याकडे लक्ष द्यावे.